सोलापूरकरांच्या समूहांना विनंती: वर्गणीच्या आधी महिन्याचे दोन तास द्या

प्रति,
सोलापूरच्या नावाने चालणाऱ्या सर्व व्हॉट्सॲप, फेसबुक आणि टेलिग्राम समूहांचे ॲडमिन व सदस्य,
तसेच माजी विद्यार्थ्यांचे, पेठांचे, ज्ञातींचे आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या सोलापूरकरांचे सर्व समूह,

सप्रेम नमस्कार.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातील एका प्राथमिक शाळेत मी 31 वर्षे शिकवले. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांच्या आया विड्या वळत आणि वडील यंत्रमागावर असत. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि दखनी, शाळेत पुस्तकातली मराठी, अशी ती मुले वाढली आणि आता मोठी झाली आहेत. कोणी हिंजवडीत संगणक अभियंता आहे, कोणी तहसील कार्यालयात लिपिक आहे, कोणी औषधांचे दुकान चालवते, तर कोणी वडिलांनी भाड्याने चालवलेल्या मागांच्या जागी स्वतःचा टॉवेलचा कारखाना उभा केला आहे. त्यांनी प्रेमाने मला आपापल्या समूहांत घेतले आणि अशा रीतीने आज मी 14 समूहांची सदस्य आहे. आपल्या गावातल्या अडलेल्या माणसासाठी काही करावे ही जी ओढ मला या समूहांत दर आठवड्याला दिसते ती खरी आहे, आणि ती खरी आहे म्हणूनच ती वाया जाताना पाहून हे पत्र लिहिण्यावाचून मला राहवले नाही.

माझे म्हणणे असे आहे. आवाहन आले की प्रत्येक समूहाने आपापली वर्गणी काढायची, सामान वाटायचे आणि पुढचे आवाहन येईपर्यंत थांबायचे, ही पद्धत आपण सोडावी. सर्व समूहांनी एकत्र यावे, आणि ज्या घरांना कायद्याने जे मिळायला हवे ते मिळत नाही त्या घरांच्या सोबत, ते पदरात पडेपर्यंत, चिकाटीने उभे राहावे. त्यासाठी पैसा थोडा लागेल. वेळ आणि माहिती मात्र पुष्कळ लागेल, आणि ती आपल्यापाशी आहे.

2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला आणि माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर व दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्यात गेली, तेव्हाचे दिवस आठवावेत. माझ्या 14 समूहांपैकी 9 समूहांनी दोन-तीन दिवसांत सामान जमवले. त्यांपैकी एका टेम्पोबरोबर मी मोहोळ तालुक्यातील एका गावी गेले. शाळेच्या व्हरांड्यात आमच्या आधी आलेल्या बिस्किटांचे खोके आणि पाण्याच्या बाटल्या छतापर्यंत रचलेल्या होत्या, जुन्या साड्यांचा ढीग एका कोपऱ्यात ओला होऊन वास मारत होता, आणि समोरच्या अंगणात बायकांनी पासबुके, शिधापत्रिका आणि जमिनीचे कागद दगडाखाली ठेवून उन्हात वाळत घातले होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारले, "बाई, पंचनाम्यात माझ्या दोन शेळ्या राहिल्या, अर्ज कुणी लिहून देईल का? आणि जनावरांना कडबा मिळंल का?" आमच्या टेम्पोत कडबा नव्हता. अर्ज मी लिहून दिला, मग आणखी 11 अर्ज लिहिले आणि अंधार पडला. त्या दिवशी आमच्याबरोबर समूहातील चार सुशिक्षित तरुण होते, पण आपण अर्ज लिहिण्यासाठी आलो आहोत असे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते, त्यामुळे त्यांनी दिवसभर खोके उतरवले. नऊ समूहांपैकी एकाला जरी दुसऱ्याचा टेम्पो कुठे चालला आहे हे ठाऊक असते, तर निदान तीन टेम्पो कडब्याचे गेले असते आणि दोन गाड्यांतून लिहिणारी माणसे गेली असती.

पूर मोठा होता म्हणून तो सर्वांना दिसला. पूर्व भागात जे रोज घडते ते दिसत नाही. सुपात पाने आणि तंबाखू घेऊन दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईची बोटे वीस-पंचवीस वर्षांत अशी झिजतात की रेशन दुकानातील मशीनवर तिचा अंगठा लागत नाही. अंगठा लागला नाही की ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणे, होत नाही, आणि ते झाले नाही की धान्य थांबण्याची भीती. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या आईचे असेच झाले. ती तीन वेळा दुकानात गेली, दोन वेळा कार्यालयात गेली, आणि प्रत्येक खेपेला तिचा दिवसाचा रोजगार बुडाला. अखेर मी एका समूहावर नाव-पत्ता न देता एवढेच विचारले की तेलुगू बोलणारे आणि मोबाइलची माहिती असलेले कोणी रात्री अर्धा तास देईल का. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाने फोन केला. शेजारच्या पोराच्या मोबाइलवर सरकारी ॲप घ्यायला सांगितले, बोटाऐवजी चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय त्यात आहे हे त्या माउलीला तिच्या भाषेत समजावले, आणि काम 25 मिनिटांत संपले. त्या मुलाला कोठे जावे लागले नाही, एक रुपया खर्च करावा लागला नाही. ही सोय उपलब्ध आहे एवढे कळायला त्या बाईला दोन महिने आणि पाच दिवसांची मजुरी मोजावी लागली होती.

अशी कामे किती प्रकारची आहेत याची कल्पना पुष्कळांना नसते. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण विभागाकडून शिष्यवृत्ती मिळते. पहिलीच्या मुलासाठी ती वर्षाला 1000 रुपये आहे आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यासाठी 25000 रुपयांपर्यंत जाते. अर्ज ऑनलाइनच भरावा लागतो, मुलाचे बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते, आणि आईच्या ओळखपत्रावरील नावात एका अक्षराचा फरक असला तरी गाडे अडते. तेलुगू आडनावे मराठी लिपिकाने आणि इंग्रजी टंकलेखकाने आपापल्या कानाला पटतील तशी लिहिलेली असतात, त्यामुळे हा फरक आमच्या भागात घरोघरी सापडतो. संजय गांधी निराधार योजनेत दरमहा 1500 रुपये मिळवणारी विधवा दरवर्षी हयातीचा दाखला देते. तो राहिला की पैसे बंद होतात, आणि बंद का झाले हे तिला बँकेतला माणूस सांगू शकत नाही. शिक्षणहक्क कायद्याखालील 25 टक्के जागांचा अर्ज भरताना घराचे ठिकाण नकाशावर चुकीचे दाखवले गेले तर जवळची शाळा यादीतून निघून जाते. सरकारी काम, सहा महिने थांब, असे आपण सहज म्हणतो. हातावर पोट असलेल्या माणसाला सहा महिने थांबणे परवडत नाही, म्हणून तो हक्कच सोडून देतो.

आता आजारपणाच्या आवाहनांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आपल्या समूहांचे सर्वांत जास्त पैसे त्यात जातात. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांवर, जे यंत्रमाग कामगार आहेत, हृदयाची शस्त्रक्रिया करायची होती. तीन समूहांनी मिळून एका रात्रीत 68000 रुपये जमवले आणि मला त्याचा फार अभिमान वाटला. शस्त्रक्रिया झाल्यावर आठवडाभराने तिथल्याच एका परिचारिकेने मला हळूच सांगितले की ही शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत होती, त्या रुग्णालयात योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या आरोग्यमित्राचा कक्षही होता, आणि त्या कुटुंबाची शिधापत्रिका पहिल्या दिवसापासून त्यांच्या पिशवीत होती. त्यांना कोणी सांगितले नाही, आणि आमच्यापैकीही कोणी विचारले नाही. या योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. शिवाय धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. या दोन वाक्यांतली माहिती त्या रात्री समूहावर कोणी टाकली असती, तर 68000 रुपये ज्यांना कोणतीच योजना लागू होत नाही अशा एखाद्या घरासाठी शिल्लक राहिले असते.

ती गोष्ट तिथे संपली नाही. पैसे जमा करण्याचे चित्र, त्यावरच्या क्यूआर कोडासह, आठ महिन्यांनंतरही फिरत राहिले. अनोळखी माणसे पैसे पाठवत राहिली, मुलगा प्रत्येकाला परत करत राहिला, आणि एका दिवशी कोणत्या तरी समूहावर या कुटुंबाला लुबाडणारे म्हटले गेले. त्याचे वडील बरे होऊन कामावर गेले होते. त्यांच्या कारखान्यात कोणी तरी तो मजकूर त्यांना दाखवला. त्यानंतर महिनाभर ते घराबाहेर निघेनात. म्हणून ॲडमिन मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की कोणतेही आवाहन तारखेशिवाय आणि मुदतीशिवाय समूहात येऊ देऊ नये, दोन माणसे प्रत्यक्ष जाऊन भेटल्याशिवाय पैशांचे आवाहन करू नये, आणि गरज भागली की ज्या ज्या समूहावर आवाहन गेले त्या प्रत्येकावर 'हे आवाहन संपले' असा निरोप त्याच दिवशी जावा.

एका कामाबद्दल मला विशेष बोलायचे आहे, कारण ते फक्त आपल्यासारखे समूहच करू शकतात. इंग्रजांनी 1871 मध्ये प्रथम आणलेल्या आणि पुढे इकडेही लागू केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले गेले, त्यांतील कैकाडी, टकारी आणि इतर अनेक जमातींची कुटुंबे सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली होती. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला, पण वस्तीला सेटलमेंट हेच नाव राहिले. आज त्या कुटुंबांतील चौथ्या पिढीच्या मुलाला विमुक्त जातीचा दाखला हवा असेल, तर 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, जात व वास्तव्य दाखवणारा पुरावा मागितला जातो. ज्यांना वर्षानुवर्षे सरकारी पहाऱ्यात हजेरी द्यावी लागली त्यांच्या नातवंडांकडे सरकारनेच पुरावा मागावा, याचे मला प्रत्येक वेळी वाईट वाटते. पण पुरावा असतो. तो बहुधा एखाद्या जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवहीत, आजोबांच्या नावासमोरच्या रकान्यात असतो. ते रजिस्टर कोणत्या कपाटात आहे, शाळा बंद पडली असेल तर दप्तर कोणत्या शाळेकडे गेले, त्या काळी नावे कशी लिहीत, हे निवृत्त शिक्षक आणि शाळेतील निवृत्त लिपिक यांना माहीत असते, आणि अशी माणसे माजी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक समूहात दोन-चार तरी आहेत. माझ्या अनुभवात आजोबांच्या एका नोंदीने सख्ख्या-चुलत मिळून सात मुलांचे दाखले झाले. ती नोंद शोधायला मला आणि माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला तीन दुपारी लागल्या. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, रीतसर अर्ज करून हे काम करता येते. प्रत्येक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या शाळेच्या दप्तराची जबाबदारी घेतली, तर किती घरांचा मार्ग मोकळा होईल याचा विचार करावा.

छायाचित्रांबाबत मी कठोर आहे आणि त्याबद्दल कोणाला राग आला तरी चालेल. माझ्या चौथीच्या वर्गातील एका मुलीला एका समूहाने दप्तर आणि वह्या दिल्या. देणारे आठ जण तिच्यामागे उभे राहिले, चित्र काढले, आणि संध्याकाळी ते सगळ्या गल्लीच्या मोबाइलवर होते. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येईना. मी घरी गेले तेव्हा ते दप्तर तिने पलंगाखाली ढकलून ठेवलेले होते आणि जुन्या कापडी पिशवीत पुस्तके भरलेली होती. देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. परंतु मदत घेणाऱ्याचा चेहरा, विशेषतः लहान मुलाचा, कोणत्याही समूहावर कधीही जाता कामा नये. देणगीदारांना हिशेब हवा असेल तर पावती दाखवावी, दप्तरांचा ढीग दाखवावा. आधार कार्ड, पासबुक, रुग्णालयाची कागदपत्रे यांच्याबाबतही तोच नियम हवा. शंभर-दोनशे अनोळखी माणसांच्या समूहावर एखाद्याचे आधार कार्ड टाकणे म्हणजे त्याला भामट्यांच्या हवाली करणे आहे.

वंचित हा शब्द आपण फार सहज वापरतो आणि तो वापरताना समोरच्याच्या हाती काहीच नाही असे गृहीत धरतो. सोलापूरजवळच्या कुंभारीला जाऊन पाहावे. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढून, आपल्या मजुरीतून पै-पैसा बाजूला ठेवून, सहकारी संस्था स्थापून 10000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली आणि 2006 मध्ये ती घरे त्यांना मिळाली. त्याच परिसरात असंघटित कामगारांच्या रे नगरातील 15000 घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या. एकत्र कसे यावे हे त्या बायकांना आपल्याकडून शिकण्याची गरज नाही. म्हणून जी एकत्रित रचना मी सुचवते आहे तिच्यात निर्णय घेणाऱ्यांपैकी निदान निम्म्या जागा विडी कामगार, यंत्रमाग कामगार, सेटलमेंटमधील तरुण आणि साखर कारखान्यांच्या फडावर जाणारी कुटुंबे यांच्यासाठी असाव्यात, आणि बैठका त्यांच्या कामाच्या वेळा पाहून, त्यांना समजेल त्या भाषेत व्हाव्यात.

रचना साधी असावी. प्रत्येक समूहाने दोन माणसे द्यावीत, एक सोलापुरात राहणारे आणि एक बाहेरगावी असलेले. या सर्वांचा मिळून एक समन्वय गट असेल. कोणाकडून काय अडले आहे याची एक सामायिक नोंदवही असेल. तिच्यात घराचे नाव न लिहिता क्रमांक लिहावा, आणि नाव-पत्ता फक्त त्या घराची जबाबदारी घेतलेल्या दोघांनाच माहीत असावा. एका घराला दोन माणसे, आणि काम पूर्ण होईपर्यंत तीच दोघे. निम्म्यात माणूस बदलला की त्या घराला सारे पहिल्यापासून सांगावे लागते, आणि आपले दुःख चार वेळा चार परक्या माणसांपुढे मांडणे किती अपमानाचे असते हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळते. शनिवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने घरी येणाऱ्यांनी रविवारी सकाळी एखाद्या घरी जावे. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी फोनवर अर्ज भरून द्यावेत, पाठपुरावा करावा, तक्रार क्रमांक जपून ठेवावेत. डॉक्टर मंडळींनी महिन्यातून दोन तास केवळ एवढेच सांगावे की या रुग्णाचा उपचार कोणत्या योजनेत बसतो. वकिलांनी नावातील फरकाची प्रतिज्ञापत्रे विनामूल्य करून द्यावीत.

पैसा लागेलच. झेरॉक्स, रिक्षाभाडे, कार्यालयात जाण्यासाठी बुडालेली मजुरी, योजनेबाहेरची औषधे, यांसाठी निधी हवा. तो कोणाही एकट्याच्या खात्यावर जमा करू नये. जिल्ह्यात दीर्घकाळ काम करणाऱ्या, नोंदणीकृत आणि हिशेब तपासून घेणाऱ्या एखाद्या न्यासाशी लेखी ठरवून त्याच्या खात्यात तो ठेवावा, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला जमा-खर्च सर्व समूहांवर यावा. बुडालेल्या मजुरीची भरपाई हा खर्च काहींना खटकेल. मला तो सर्वांत योग्य खर्च वाटतो, कारण हक्क मागायला गेल्याबद्दल चूल न पेटण्याची शिक्षा कोणाला होता कामा नये.

ही कामे सरकारची आहेत, आपण केली तर सरकार हात झटकेल, असा आक्षेप माझ्याच एका समूहात आला आहे आणि तो मी हलका मानत नाही. म्हणूनच नोंदवही महत्त्वाची आहे. एकाच कार्यालयात, एकाच कारणाने पन्नास घरांचे काम अडले आहे असे तारखांसह दिसले, की ते पत्रक घेऊन जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्तांना भेटता येते. आज प्रत्येक घर एकेकटे खिडकीपाशी जाते आणि एकेकटे परत येते. दुसरा आक्षेप ज्ञातींच्या समूहांकडून येतो, की आधी आपल्या माणसांचे पाहू. आपल्या माणसांचे अवश्य पाहावे. पण तेलुगू जाणणारा मुलगा एका समूहात आहे, रुग्णालयातील माहितगार दुसऱ्या समूहात आहे आणि जुने रजिस्टर तिसऱ्याच समूहातल्या निवृत्त लिपिकाला ठाऊक आहे. भिंती ठेवल्या तर आपल्या माणसांचेही काम होणार नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. प्रत्येक ॲडमिनने हे पत्र आपल्या समूहात वाचायला द्यावे, चर्चा होऊ द्यावी आणि दोन नावे ठरवावीत. ती नावे, दोघांना येणाऱ्या भाषा आणि महिन्यातील कोणते दोन तास ते देऊ शकतील एवढे, हे पत्र ज्यांनी तुमच्यापर्यंत पोहोचवले त्यांच्यामार्फत मला पंधरा दिवसांत कळवावे. पहिल्या बैठकीसाठी शाळेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याने आपल्या घराची गच्ची देऊ केली आहे. पूर्व भागातील 12 घरांची यादी, प्रत्येकाचे काय अडले आहे आणि आजवर किती हेलपाटे झाले आहेत यासह, त्या त्या घराच्या संमतीने मी तयार ठेवली आहे. त्यांतील पहिल्या घरातील मुलीच्या शिष्यवृत्तीची मुदत जवळ आली आहे आणि तिच्या आईच्या ओळखपत्रावरील आडनाव अजून दुरुस्त झालेले नाही. त्यामुळे तेलुगू जाणणारे आणि कामगार कल्याण विभागाच्या कामाची माहिती असलेले कोणी असेल तर त्यांनी बैठकीची वाट न पाहता आधीच कळवावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
पूर्व भाग, सोलापूर